तो डेंग्यू नव्हता

तेमांगुंग,
रविवार, दुपार

प्रिय मिको,

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. लारासला गणितात चांगले गुण मिळालेत, आईचा गुडघा पहिल्यासारखाच दुखतो, छप्पर गळतं तिथे मी बादली ठेवली आहे, आणि तुझे चौदा साप वेळेवर जेवतात, कधी कधी माझ्याही आधी. पत्र लिहायला बसले कारण फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी नेमकी मुद्द्यावर आले की तिकडे कालिमांतानमध्ये तुझी रेंज जाते. 'हालो, हालो, मुर, आवाज तुटतोय गं,' म्हणतोस आणि ठेवतोस. पाच मिनिटांनी तोच फोन सापांच्या ग्रुपवर अजगराचा व्हिडिओ टाकायला मात्र चालतो. शेजारचे पाक सारवोनो त्यांच्या वारलेल्या आईचे चाळीस दिवस उरकून गुरुवारी तुमच्या पाम तेलाच्या मळ्यावर परत निघालेत, त्यांच्या हाती हे देते आहे. हा पूर्ण वाचेपर्यंत त्याच्यासमोरून उठू नका, असंही त्यांना बजावून ठेवलं आहे.

परवा तुझ्या सर्पमंडळातला कास्दी दारात येऊन, चप्पलसुद्धा न काढता, मला ऐकवून गेला. 'म्बाक, मी स्वतः मास मिकोंना फोन केला होता. ते म्हणाले, मुर्वानी पहिल्यापासून घाबरट, मला तेव्हा डेंग्यूच झाला होता. आता बोला.' काय बोलणार? मनात आलं, नेमकी त्या वेळी कशी नाही गेली याची रेंज? मी घाबरट! तुझ्या चौदा डब्यांतली घाण मी काढते, बादलीभर बेडूक मोरीत ठेवून शेजारच्या ओट्यावर तेंपे तळते, आणि घाबरट कोण, तर मी. इकडे निकेन मरणाच्या दारातून परत आली आहे, मिको. आणि तुझ्या त्या एका वाक्याने मंडळातले सगळे पुन्हा त्याच सापापुढे हात धरायला मोकळे झाले. ते वाक्य तुला मागे घ्यावं लागणार आहे. सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण तुला जे कळलं ते कास्दीकडून कळलं, आणि कास्दी कुठलीही गोष्ट मीठमसाला लावल्याशिवाय पुढे देत नाही.

त्या रविवारी सकाळी सहालाच निकेन हजर. मंडळाचा काळा शर्ट, काळी ओढणी, तोंडावर झोप. तिच्या बालवाडीतल्या पोरांना साप दाखवायचं कबूल करून बसली होती. म्हणाली, 'म्बाक, आज पिचुंग न्यायचा. हिरवं अंग, लाल मान, पोरांना रंगीत आवडतं. अजगर बघितला की निम्मी रडतात.' मी म्हटलं, 'तो वरच्या फळीवरचा ना? मिकोने त्याला हात लावू नको म्हणून सांगितलंय. तिरसट आहे म्हणे.' तर तिने तिथल्या तिथे तुला फोन लावला. 'मास, पिचुंग नेऊ का?' तू जरा वेळ गप्प होतास. मग म्हणालास, 'ने, ने. पण जपून.' जपून म्हणजे काय रे? बाजारातून अंडी आणायला पाठवल्यासारखं, जपून! ती बिचारी खूश झाली. अध्यक्षांची परवानगी मिळाली ना. आणि निघता निघता मीच तिला म्हटलं, 'जाता जाता मोरीतले बेडूक त्या मोठ्या डब्यात टाक गं, माझे हात पिठात आहेत.' तिने उघड्या हातांनी बेडूक उचलले, शर्टाला हात पुसले आणि डबा घेऊन गेली. हे माझ्याकडून झालं. ते मी डॉक्टरांना सांगितलं, तिच्या वडिलांना सांगितलं, आणि आता तुला सांगते आहे.

आलून-आलूनच्या मैदानावर पुढे जे झालं ते कास्दीच्या व्हिडिओत आहे, तू पाहिलाच असशील, तुझ्यासारख्या चाळीस जणांनी अंगठे दाखवलेत. एका पोराने विचारलं, 'बू निकेन, हा विषारी आहे?' निकेनने तुझंच वाक्य तुझ्याच सुरात म्हटलं: 'विष आहे, पण मध्यम. म्हणजे बेडकाला विष, माणसाला गुदगुल्या.' लोक हसले. मग तिने बाही वर केली. तुझा तो खेळ, मिको. सापाला हातावर चावू द्यायचं आणि गर्दीने साठपर्यंत मोजायचं, म्हणजे गावाची भीती जाते. भीती गेली खरी. इतकी वर्षं तुला हा साप चावला तो बहुतेक वेळा नुसता झटका देऊन सुटला. पण निकेनच्या हाताला बेडकाचा वास होता. त्याने तिचा पंजा करंगळीच्या बाजूने तोंडात घेतला आणि पानाचा विडा चघळावा तसा सावकाश तोंड चालवत राहिला. चाळिसाच्या सुमारास तिचं हसू कसनुसं झालेलं दिसतं. पण सोडवायला कोण जाणार? 'ओढायचं नाही, त्याचे दात तुटतात,' हे तूच सगळ्यांना शिकवलेलं. सापाच्या दातांची केवढी ती काळजी! साठ झाले तरी तो सोडेना, तेव्हा मागून कोणीतरी 'शंभर! शंभर!' असं ओरडलंही. नंतर तिने कागदाने हात पुसला, पोरांना आइसक्रीम दिलं आणि सगळ्यांबरोबर बाक्सो खायला गेली.

संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. दोनदा उलटी झाली. सोमवारी तशीच बालवाडीत गेली आणि दुपारी दात घासताना ब्रश लाल झाला. मंगळवारी नाकातून रक्त यायला लागलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, पाक त्रिमोंनी, तिला मोटारसायकलवर मागे बसवून, स्वतःच्या कमरेला ओढणीने बांधून सरकारी इस्पितळात नेलं. पावसाळा, निम्मा वॉर्ड डेंग्यूचा. अंगात कणकण, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट उतरलेल्या. डेंग्यूची चाचणी नकारार्थी आली, तर पहिल्या दिवसांत कधी कधी येते म्हणे तशी. 'काही चावलंय का?' असं नर्सने विचारलं होतं. निकेन म्हणाली, 'डास चावले असतील.' हे मला कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. सापांच्या मंडळाची चिटणीस, हातावर सापाच्या दातांचे व्रण, आणि म्हणते डास!

मी बुधवारी गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पेरूचा रस नेला. तिच्या उशाशी आधीच सहा बाटल्या होत्या, डेंग्यू म्हटला की अख्खं तेमांगुंग पेरूचा रस घेऊन धावतं. मी सातवी ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. करंगळीखालचे व्रण चौथ्या दिवशीही ओले होते. सलाईनची सुई टोचली होती तिथून बारीक रक्त झिरपत होतं आणि पट्टी कडेने भिजली होती. मिको, मी तिथे उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझी उशी आली. तीन वर्षांपूर्वीची, निळ्या फुलांची, रोज सकाळी तांबूस डाग पडलेली. दाढी करताना तुला हनुवटीला कापलं होतं आणि ते दोन दिवस थांबत नव्हतं, मी त्यावर कॉफीची पूड दाबून बसले होते. निकेन हळूच म्हणाली, 'म्बाक, मास मिकोंना काही कळवू नका हं. त्यांना वाटेल त्यांच्या सापामुळे झालं. डेंग्यूच आहे. त्यांनाही झाला होता ना? ते बरे झाले की.'

त्यांनाही झाला होता! कोणी सांगितलं तिला? आपणच ना. मी आणि तू, पलंगावर बसून, दार लावून ठरवलं होतं. नव्या वर्षाच्या मेळाव्यात त्याने तुला असंच धरलं होतं, बराच वेळ, आणि तिसऱ्या दिवशी तुझी लघवी कोकच्या रंगाची झाली. मी म्हटलं, डॉक्टरांना साप सांगूया. तू म्हणालास, 'मुर, पुढच्या महिन्यात मैदानाची परवानगी नव्याने मिळायची आहे. अध्यक्षालाच साप बाधला म्हटल्यावर कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.' आणि मी ऐकलं. तुझ्या आईला डेंग्यू सांगितलं, शाळेत डेंग्यू सांगितलं, मशिदीतून माणसं भेटायला आली त्यांना चहा देत देत डेंग्यू सांगितलं. पंधरा दिवस घरात पेरूचा रस वाहत होता. लारास अजून पेरू पाहिला की तोंड फिरवते. तू उठलास, बारीक होऊन का होईना, आणि मी अल्लाचे आभार मानून ती गोष्ट मिटवून टाकली. पण तू नव्हतीस मिटवली. त्यानंतर तू पिचुंगला वरच्या फळीवर नेऊन ठेवलंस. मैदानावर धामण न्यायला लागलास. 'लोकांना मोठा साप आवडतो,' म्हणालास. मला वाटलं, असेल. म्हणजे तुला माहीत होतं. ज्या सापापासून तू स्वतःचा हात मागे घेतलास, त्याच्यापुढे त्या पोरीला 'ने, ने' म्हणालास, कारण 'नको' म्हटलं असतंस तर का, ते सांगावं लागलं असतं. तीन आठवडे झाले, हे वाक्य मी भांडी घासताना मनात म्हणते आणि दर वेळी एखादी बशी जोरात आपटते. दोन फुटल्या.

मी वॉर्डाबाहेर आले तर कास्दी आणि मंडळाचे आणखी दोघे बाकावर शेंगा खात बसलेले. मी म्हटलं, डॉक्टरांना सापाचं सांगायला हवं. कास्दी उठलाच. 'म्बाक, काय करताय? उद्या पेपरात येईल. परवा सरकारी माणसं येऊन डबे उचलून नेतील. आणि पिचुंगने कोणी मरतं का? मास मिकोंना पन्नास वेळा चावलाय. वाटल्यास शहाळ्याचं पाणी पाजू, विष असलंच तर उतरेल.' दुसरा म्हणाला, 'ती स्वतःच डेंग्यू म्हणतेय, आपण कोण मध्ये बोलणारे?' मी म्हटलं, 'आपण तेच, ज्यांनी साठ मोजले.' आणि आत गेले. शूर वगैरे काही नव्हते रे.  आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात सांगायचं होतं ते तुझं गुपित.

डॉक्टर हाप्सारी म्हणजे अगदी लहानखुरी मुलगी, चष्मा नाकावर घसरलेला. तिने माझं सगळं ऐकलं, सापाचा फोटो मागितला. निकेनचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेतलं, नळी खिडकीत उभी केली आणि घड्याळ लावलं. 'वीस मिनिटं हात लावायचा नाही,' म्हणाली. मी आणि पाक त्रिमो त्या नळीकडे पाहत बसलो. तंबाखू कापणारा माणूस तो, आयुष्यभर सुरी चालवून बोटांवर शंभर खुणा, आपल्या रक्ताला किती वेळात खपली धरते ते त्याला कोणी शिकवायला नको. वीस मिनिटांनी तिने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं या काठावरून त्या काठावर गेलं. पाक त्रिमो म्हणाले, 'हे गोठलं नाही.' एवढंच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'तुम्हाला माहीत होतं?' मी हो म्हटलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

डॉक्टरने मला जे समजावलं ते तू ऐक, कारण वीस वर्षं साप पाळून तू हे कोणाला सांगितलं नाहीस. तिने फोनवर कुठल्याशा सर्पदंशाच्या मोठ्या तज्ज्ञांशी बोलून घेतलं होतं. म्हणाली, या सापाचे पुढचे दात नुसते ओरखडतात. विषाचे दात मागे, दाढांच्या जागी. झटकन चावून सुटला तर माणसाला काहीच होत नाही, म्हणून लोकांना वाटतं बिनविषारी. नीट तोंडात धरून चावत बसायला वेळ मिळाला तरच विष उतरतं. आणि मग चष्मा वर सरकवून म्हणाली, 'आणि तुम्ही लोक त्याला तेवढा वेळ मोजून देता.'  विष अंगात गेलं की रक्तातलं गोठण्याचं सामान संपून जातं, मग जिथे वाट मिळेल तिथून रक्त येतं, पोटात, डोक्यात, कुठेही. आपल्या इस्पितळात सापाची जी लस असते ती नाग-मण्यारीसारख्यांसाठी, या विषावर तिचा उपयोग नाही. या सापावरचं औषध जपानात बनतं म्हणे. पाक त्रिमोंनी विचारलं, 'जपान किती लांब आहे?' ती फोनकडे वळली. रक्ताच्या आणि रक्तातल्या पिवळ्या पाण्याच्या पिशव्या मागवायला लागली.

विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात, आम्ही ती बारा दिवस पाहिली. चौथ्या दिवसानंतर निकेनची लघवी बंद झाली. तिला मोठ्या इस्पितळात हलवलं, तीनदा यंत्रावर घालून रक्त धुतलं. पिशव्या कमी पडल्या तेव्हा मैदानावरच्या त्याच गर्दीतली माणसं रक्त द्यायला आली, त्यात कास्दीही होता, ते मी लपवणार नाही. दिलं आणि बाहेर येऊन परत म्हणाला, 'डेंग्यूच असणार.' असल्या माणसाला काय करायचं तूच सांग. बाराव्या दिवशी तिला सुमारे पेलाभर लघवी झाली आणि पाक त्रिमोंनी ती बातमी मला फोनवर ज्या आवाजात सांगितली, तसा आवाज लोक नातवाच्या जन्माला काढतात. आता ती घरी आहे. मीठ बंद, दर आठवड्याला तपासणी. मला म्हणाली, 'म्बाक, मास मिकोंना खरंच तेव्हा साप बाधला होता?' मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, 'त्यांनी नुसतं नको म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं. का म्हणून विचारलंही नसतं.' हे जसंच्या तसं लिहिते आहे. त्यावर काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.

मंडळात मी सगळ्यांसमोर सांगितलं. गेल्या रविवारी, मैदानावर. कोणी ऐकून घेतलं, कोणी फोनमध्ये डोकं घातलं. एक जण म्हणाला, 'म्बाकना सापांचा कंटाळा आलाय, म्हणून मंडळ बुडवतायत.' मला सापांचा कंटाळा! मिको, तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा माझ्या गळ्यात काय होतं? तू मला म्बाक म्हणायचास, दोन वर्षांनी मोठी म्हणून, आणि अजगर कसा धरायचा ते मी तुला शिकवलं होतं, तू नाही मला. अजूनही सकाळी डबे पुसताना एखादा मनगटाला वेटोळं घालतो तेव्हा मला बरं वाटतं. तो पिचुंगसुद्धा मी सोडून दिला नाही. त्याचा काय दोष? त्याला चिमट्याने बेडूक देते, डब्यावर लाल अक्षरांत लिहून ठेवलं आहे आणि वर कुलूप. मला राग सापांचा नाही. या मंगळवारी लारास आपली वेणी हातावर धरून साठ मोजत होती. मी तिला फटका मारला, उगाच मारला, मग दोघी रडलो. कास्दीने तुला फोन केला तो यानंतर. आणि तू म्हणालास, डेंग्यू.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. निकेनला घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टर हाप्सारी तिला भेटायला आली होती. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, 'तुमच्या मिस्टरांच्या किडन्या नंतर कोणी तपासल्या होत्या का?' मी म्हटलं, ते ठणठणीत आहेत, उलट तिकडे जाऊन वजन वाढलंय. तिने विचारलं, 'वजन की सूज?' मिको, दोन-तीन महिने तू व्हिडिओवर दिसतोस तेव्हा सकाळी डोळे सुजलेले असतात आणि मी म्हणते, झोप कमी कर. बूट घट्ट होतात म्हणालास. लघवीला साबणासारखा फेस येतो म्हणून हसत सांगितलंस. मळ्याच्या दवाखान्यात रक्तदाब निघाला तर तू खाऱ्या मासळीवर ढकललंस, आणि 'पूर्वीचे मोठे आजार' या रकान्यात काय लिहिलंस ते तूच मला कौतुकाने वाचून दाखवलं होतंस: डेंग्यू, एकदा. डॉक्टर म्हणते, काही नसेलही. पण त्या वेळी विषाने किडनीला इजा झाली असेल तर ती आपोआप बरी झाली असं धरून चालता येत नाही, रक्त आणि लघवी तपासायला हवी, आणि तपासणाऱ्याला खरं माहीत हवं. तिने मळ्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली आहे, ती पाक सारवोनोंच्या खिशात आहे, तुझ्या हातात देऊ नका म्हणून सांगितलं आहे. सोमवारी सकाळी ते तुला दवाखान्यात घेऊन जातील. मंडळाला काय सांगायचं ते मग सांग, कास्दीचं तोंड मग बंद कर. तीन आठवडे मी नुसती चिडते आहे, कारण चिडणं थांबलं की मी खरोखर घाबरट ठरते. निकेनच्या खाटेपाशी मी होते, मी तो डेंग्यू ओळखला. तुझ्या तिथे ओळखणारं कोणी नाही. तुझं तुलाच सांगावं लागेल.

तुझीच,
अजून चिडलेली,
मुर्वानी